नेरुळचे ड्रिलर काका आणि बावीस लाखांचे तेलाचे शेअर

१ जुलै २०२२, शुक्रवार. सकाळी अकराच्या सुमाराला नेरुळहून काकूंचा फोन आला. "अगं, हे टीव्हीसमोरून हलत नाहीयेत. चहा गार झाला, दुसरा केला, तोही तसाच पडलाय. तू जरा बोल त्यांच्याशी." काका फोनवर आले आणि एवढंच म्हणाले, "टनामागे तेवीस हजार दोनशे पन्नास."

त्या दिवशी केंद्र सरकारनं देशात काढल्या जाणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचं विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क लावलं. पुढे सगळे त्याला विंडफॉल टॅक्सच, म्हणजे अचानक हाती आलेल्या नफ्यावरचा कर, म्हणू लागले. बाजार बंद झाला तेव्हा ओएनजीसीचा शेअर तेरा टक्क्यांहून जास्त पडला होता. ऑइल इंडियाचीही तीच गत. काकांकडे ओएनजीसीचे ५,००० शेअर होते. एका दिवसात लाखभर रुपये कमी झाले.

तो लाख पुढे भरून निघाला, व्याजासकट. खरं नुकसान त्यांच्याकडच्या दुसऱ्या एका शेअरमध्ये व्हायचं होतं आणि त्या दिवशी आमच्या बोलण्यात त्याचं नावही निघालं नाही. म्हणून हे प्रकरण लिहून काढते आहे. काका-काकूंची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी ठाण्यात नौपाड्यात सीएची प्रॅक्टिस करते. काका माझ्या वडिलांचे मित्र. एकतीस वर्षं त्यांनी समुद्रातल्या रिगवर काढली, रफनेक, म्हणजे रिगवरचा कामगार, म्हणून चढले आणि ड्रिलर म्हणून उतरले. चौदा दिवस आत, चौदा दिवस बाहेर. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचं, किनाऱ्यापासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर मुंबई हायच्या पाण्यात उतरायचं, आणि परत आले की दोन दिवस घरातली जमीन हलते आहे असं वाटायचं. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळाला आणि बावीस माणसं गेली, तेव्हा काका त्यांच्या चौदा दिवसांच्या सुट्टीत घरी होते. आदल्या दिवशीच्या पावसानं वीज, फोन सगळं बंद. काकू अजून सांगतात, त्या समुद्रानं आपल्याला घर दिलं, मुलांची शिक्षणं दिली, आता त्याच्याकडे आणखी काही मागायचं नाही.

मार्च २०२१ मध्ये काका निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि आधीची बचत मिळून ६२ लाख. नेरुळचा फ्लॅट स्वतःचा, कर्ज नाही. पेन्शन तुटपुंजी. त्या ६२ मधले १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले, कारण तेव्हा तेवढीच मर्यादा होती. बाकीचे बँकेत ठेवींमध्ये.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. मार्चमध्ये ब्रेंट तेल, ज्याच्या भावावरून जगातला तेलाचा भाव मोजतात, बॅरलमागे १३९ डॉलरच्या जवळ जाऊन आलं. काकांच्या जुन्या सहकाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात रोज भाव येऊ लागले. मार्च ते जूनमध्ये काकांनी दोन ठेवी मोडल्या. ओएनजीसीचे ५,००० शेअर सरासरी १६० रुपयांना घेतले, म्हणजे ८ लाख. आणि ९ लाख घातले एका लहान कंपनीत, जिचा सगळा पसारा म्हणजे उथळ समुद्रातल्या एका ब्लॉकमधला, म्हणजे तेल शोधण्यासाठी आखून दिलेल्या एका पट्ट्यातला, ४० टक्के हिस्सा. त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तिच्यातच आणखी ५ लाख गेले. एकूण २२ लाख, म्हणजे आयुष्यभराच्या कमाईचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग दोन शेअरमध्ये, आणि दोन्ही एकाच धंद्यातले.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. विवरणपत्र भरताना मी व्याज पाहिलं, लाभांश पाहिला, कर मोजला. मूळ रक्कम कुठे आहे हे विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

बॅरलचे वाटेकरी

त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी मी ट्रान्स-हार्बरनं नेरुळला गेले. काकांनी पाइप टॅलीची जुनी वही काढली. विहिरीत किती पाइप उतरले, प्रत्येकाची लांबी किती, याची नोंद ड्रिलर त्या वहीत ठेवतो. शेवटची काही पानं कोरी होती. तिथे आम्ही एक बॅरल मांडला.

तेल साधारण ११० डॉलर. एका टनात सुमारे सात पूर्णांक तीन बॅरल. डॉलर ७९ रुपयांना. २३,२५० ला या दोन्हींनी भागलं की बॅरलमागे ४० डॉलरच्या आसपास येतात. एवढे नव्या शुल्कात गेले. त्याच्या आधी उपकर, तो २०१६ पासून किमतीच्या २० टक्के. रॉयल्टी वेगळी. मग तेल वर काढायचा खर्च, मग कंपनीचा आयकर, आणि त्यानंतर जे उरेल त्यातून नव्या विहिरी खोदायच्या. भागधारकाचा नंबर या सगळ्यांच्या मागे.

काका बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तेल वर गेलं तरी माझं वर जाईलच असं नाही."

नाहीच. ओएनजीसीच्या बाबतीत हे नवीनही नव्हतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले, त्याआधी पेट्रोल, डिझेल, गॅस स्वस्तात विकून तेल विपणन कंपन्यांना होणाऱ्या तोट्याचा एक मोठा वाटा ओएनजीसीला सवलतीच्या रूपानं उचलावा लागे. २०१३-१४ या एका वर्षात तो ५६,००० कोटींच्या वर होता. जगात तेल शंभर डॉलरच्या वर, आणि कंपनीच्या हातात बॅरलमागे चाळिशीच्या आसपास डॉलर. जानेवारी २०१८ मध्ये एचपीसीएल या दुसऱ्या सरकारी तेल कंपनीमधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीनं ३६,९१५ कोटींना विकत घेतला, ते पैसे सरकारच्या तिजोरीत गेले. मोठा मालक सरकार असलेल्या कंपनीत आपण मागच्या बाकावर बसलेलो असतो. गाडी कुठे वळणार ते पुढे ठरतं.

असं असूनही त्या दिवशी मी काकांना ओएनजीसी विका असं म्हटलं नाही. कंपनीकडे चालू विहिरी होत्या, रोज तेल निघत होतं, उरणच्या प्रकल्पात येत होतं, आणि त्या आर्थिक वर्षात तिनं शेअरमागे सव्वा अकरा रुपये लाभांश दिला. काकांच्या ५,००० शेअरवर ५६,२५० रुपये. त्या लाभांशावर कर भागधारकाच्याच डोक्यावर असतो, २०२० पासून. तरी तो येत होता. सरकारला तो विंडफॉल टॅक्स पुढे दर पंधरवड्याला बदलावा लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तर तो पूर्ण काढून टाकला.

एक गोष्ट मात्र तेव्हाच सांगितली, आणि ती त्यांना लगेच पटली, कारण ती त्यांच्याच कामातली होती. तेलाची विहीर म्हणजे दुधाची गाय नव्हे. ती पहिल्या दिवसापासून रिकामी होत जाते. मुंबई हायमधून पहिलं तेल मे १९७६ मध्ये निघालं, त्या क्षेत्राला आता म्हातारपण आलं आहे. देशाचं एकूण कच्च्या तेलाचं उत्पादन २०११-१२ मध्ये तीन कोटी ऐंशी लाख टन होतं, ते २०२३-२४ पर्यंत तीन कोटींच्याही खाली आलं. म्हणून तेल कंपनीचा लाभांश आणि ठेवीचं व्याज यांची तुलना करता येत नाही. ठेवीत मुद्दल जागेवर असतं. इथे लाभांशाबरोबर मुद्दलाचाही थोडा भाग आपल्या हाती परत येत असतो, आणि नवे साठे सापडले नाहीत तर एक दिवस मुद्दल संपतं.

काकूंनी पोहे आणले. बोलणं पावसावर गेलं. लहान कंपनीचा विषय निघाला नाही.

चमक

नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या लहान कंपनीनं शेअर बाजाराला एक निवेदन दिलं. पहिल्या विहिरीत खोदाई चालू असताना 'हायड्रोकार्बन शोज' आढळले आहेत, चाचणी पुढे होईल. सोबत त्या संपूर्ण ब्लॉकच्या संभाव्य संसाधनांचा एक मोठा आकडा, कोट्यवधी बॅरलचा. शेअरला लागोपाठ अपर सर्किट लागली, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका चढू देतात तितका रोज चढला. काकांचे ९ लाख दोन आठवड्यांत १२ लाखांच्या पुढे गेले. ग्रुपवर अभिनंदन सुरू झालं.

हे मला कळलं जून २०२४ मध्ये, काका ठाण्याला माझ्या ऑफिसात आले तेव्हा. एक प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आले होते, त्यात कंपनीची सगळी निवेदनं प्रिंट काढून तारखेनुसार लावलेली. मला ते फोल्डर पाहून वाईट वाटलं. इतक्या काळजीनं लोक लग्नाच्या पत्रिका जपतात.

मी पहिलंच निवेदन वाचलं आणि विचारलं, "काका, शोज म्हणजे नक्की काय? मला समजेल असं सांगा."

त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा खुलला. खोदताना विहिरीतून मड, म्हणजे खोदाईसाठी आत सोडलेला चिखल, वर येतो, त्याबरोबर खडकाचा चुरा येतो, त्याला कटिंग्ज म्हणतात. तो शेल शेकर नावाच्या हलत्या चाळणीच्या जाळीवर वेगळा होतो. हा चुरा तपासणारा मड लॉगर त्यातला मूठभर घेतो, धुतो, बशीत पसरतो आणि एका काळ्या खोक्यात अतिनील दिव्याखाली धरतो. तेल असेल तर ते दाणे पिवळे, सोनेरी चमकतात. वर द्रावकाचे दोन थेंब टाकले की तेल विरघळून दाण्याभोवती फिकट निळसर ढग पसरतो. "अंधाऱ्या खोक्यात ते बघायला इतकं सुंदर दिसतं ना," काका म्हणाले, "की रात्री तीन वाजता झोपलेली माणसं उठून यायची."

"आणि अशी चमक तुम्ही किती विहिरींत पाहिलीत?"

"शेकड्यानं."

"त्यातल्या किती विहिरी पुढे चालल्या?"

काका गप्प झाले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, "कितीतरी तर आम्हीच सिमेंट भरून बंद केल्या." आणि थोड्या वेळानं, "मोबाइलवर तो शब्द वाचला तेव्हा हे आठवलंच नाही गं."

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मला हाच वाटतो. काका अडाणी नव्हते. शेअर घेणाऱ्या हजारो लोकांपेक्षा त्यांना त्या एका शब्दाचा अर्थ जास्त ठाऊक होता. पण तो शब्द त्यांनी ड्रिलर म्हणून वाचलाच नाही, घरी बसलेल्या आणि रिगची आठवण येणाऱ्या माणसानं वाचला. ज्ञान होतं, ते कामाच्या जागेवर राहिलं. निवृत्तीनंतर कोणालाही आपल्या धंद्याचा शेअर जवळचा वाटतो. बँकेतला माणूस बँकेचा घेतो, औषध कंपनीतला औषधाचा. आपल्याला आतलं कळतं असा विश्वास असतो. पण माणसाला कळलेला असतो आपला मजला. काकांना विहीर कळत होती, ताळेबंद नाही. आणि विहीरसुद्धा खोदेपर्यंत कोणालाच पूर्ण कळत नाही. शेलसारख्या बलाढ्य कंपनीनं राजस्थानातल्या ब्लॉकमधला आपला अर्धा हिस्सा २००२ मध्ये भागीदार केर्न कंपनीला ७२.५ लाख डॉलरना देऊन टाकला. जानेवारी २००४ मध्ये त्याच ब्लॉकमध्ये, बाडमेरजवळ, मंगला क्षेत्र सापडलं. जगातले नामांकित भूवैज्ञानिक पदरी असलेली कंपनी चुकू शकते, तर एका निवेदनावरून आपण काय ओळखणार?

त्या दुपारी आम्ही शिडी मांडली. तेलाचे आकडे सगळे एका वजनाचे नसतात. सगळ्यात वर सिद्ध साठा, म्हणजे तेवढं तेल निघण्याची खात्री निदान नव्वद टक्के. त्याखाली सिद्ध अधिक संभवनीय, तिथे खात्री पन्नास टक्क्यांवर येते. तिसरी पायरी दहा टक्क्यांची. त्याहून खाली आकस्मिक संसाधनं, म्हणजे तेल सापडलं आहे पण ते फायद्यात काढता येईल की नाही हे ठरलेलं नाही. आणि अगदी तळाला संभाव्य संसाधनं, जिथे अजून कोणी भोकसुद्धा पाडलेलं नाही, फक्त भूकंपलहरींच्या सर्वेक्षणावरून केलेला अंदाज. कंपनीच्या निवेदनातला कोट्यवधी बॅरलचा आकडा याच तळाच्या पायरीवरचा होता. निवेदनात तसं लिहिलेलंही होतं, तिसऱ्या परिच्छेदात. ग्रुपवर फिरलेल्या मेसेजमध्ये नुसता आकडा होता.

पोळी तीच

डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनं प्रेफरन्शियल इश्यू जाहीर केला. निवडक लोकांना नवे शेअर, सोबत वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावानं शेअर घेण्याचा हक्क. दुसरी विहीर खोदायला पैसा हवा होता. समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिगचं भाडं दिवसाला लाखो रुपये असतं, ते काकांना वेगळं सांगायला नको. ब्लॉकमध्ये भागीदारी असली की प्रत्येकानं आपल्या हिश्शाचा खर्च वेळेवर भरावा लागतो, नाहीतर हिस्सा घटतो. ज्या कंपनीचं अजून बॅरलभरही तेल विकलं गेलेलं नाही ती हा खर्च कुठून भरणार? नवे शेअर काढून.

कंपनीचे शेअर १० कोटी होते, ते १६ कोटी झाले. ब्लॉकमधला हिस्सा होता तेवढाच, ४० टक्के. पोळी तीच, वाटेकरी दीडपटीहून जास्त. म्हणजे तेल लागलं असतं तरी काकांच्या वाट्याला पूर्वीच्या मानानं शंभरातले बासष्ट-त्रेसष्टच येणार होते. हा हिशेब त्या निवेदनात कुठेच नव्हता, तो आपला आपण करायचा असतो.

भाव घसरू लागला. जानेवारी २०२३ मध्ये काकांनी आणखी ५ लाख घातले, ॲव्हरेज करायला, म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणायला. मला या एका शब्दाची भीती वाटते. चालत्या, नफ्यातल्या कंपनीत पडझडीच्या वेळी थोडे शेअर वाढवणं मी समजू शकते. पण जिथे सगळं एका विहिरीच्या चाचणीवर टांगलेलं आहे तिथे भाव कमी झाला म्हणजे माल स्वस्त झाला असं होत नाही. कदाचित कोणाला तरी आपल्याआधी काही कळलेलं असतं.

कंपनीनं उत्पादन जून २०२३ मध्ये सुरू होईल असं सांगितलं होतं. मी ती ओळ बोटानं दाखवली. काकांनी कपाळाला हात लावला. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर रिग हलवत नाहीत, पाइपलाइनचं आणि प्लॅटफॉर्मचं बहुतेक काम थांबतं. एकतीस पावसाळे त्यांनी ते पाहिलं होतं. जूनचं आश्वासन म्हणजे फार तर पुढची दिवाळी, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

प्रत्यक्षात चाचणीचा निकाल आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी तेल, आणि सोबत पाणी. शेअरला लोअर सर्किट लागली, म्हणजे दिवसात भाव जितका पडू देतात तितका पडून अडकला. पहिले काही दिवस विकायचं म्हटलं तरी घेणारा नव्हता, सकाळी सव्वानऊला ऑर्डर टाकायची आणि साडेतीनला ती तशीच पाहायची. मेमध्ये वर्षाचे निकाल लागले, त्यात पहिल्या विहिरीचा बराच खर्च एका फटक्यात बुडीत म्हणून लिहिला गेला.

हा फटका आधी दिसला असता का? याचं उत्तर मला शोधायचं होतं, म्हणून आम्ही मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल उघडला. हो, दिसला असता. ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला एक ओळ होती, खोदाई चालू असलेल्या शोधविहिरींची. कंपनीच्या एकूण मालमत्तेतला दोन तृतीयांशाहून जास्त भाग त्या एका ओळीत बसला होता. शोधविहीर खोदत असताना तिचा खर्च असा मालमत्ता म्हणून धरून ठेवतात. तेल लागलं तर तो उत्पादनाबरोबर हळूहळू खर्ची पडतो. विहीर कोरडी निघाली तर त्या तिमाहीत तो तोटा होतो. म्हणजे ज्याला आपण कंपनीची संपत्ती समजतो ती प्रत्यक्षात समुद्राच्या तळातलं एक भोक असते, आणि ते भरलेलं की रिकामं हे अजून ठरायचं असतं. काकांनी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली. इतकी सरळ की वाटलं, पट्टी लावून मारली आहे.

त्यांना थोडा धीर यावा म्हणून नव्हे, तर खरं आहे म्हणून मी केजी-डी६ ची, कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातल्या रिलायन्सच्या गॅस ब्लॉकची, आठवण दिली. तिथे पैसा, तंत्रज्ञान, माणसं, कशाची उणीव नव्हती. एप्रिल २००९ मध्ये रिलायन्सनं गॅस काढायला सुरुवात केली, दिवसाला ८ कोटी घनमीटरपर्यंत जाण्याची अपेक्षा होती. २०१० मध्ये तो सुमारे ६ कोटींवर पोचला आणि मग दाब घटून, विहिरींत पाणी शिरून झपाट्यानं उतरला. साठ्याचा अंदाज दहा ट्रिलियन घनफुटांवरून तीनच्या आसपास आणावा लागला. पण रिलायन्सकडे रिफायनरी होती, दुसरे धंदे होते. एक ब्लॉक फसला म्हणून ती कंपनी बसली नाही. काकांच्या कंपनीकडे तो एकच ब्लॉक होता.

निर्णय

निर्णय एका दिवसात झाला नाही. काकांचं म्हणणं होतं, दुसरी विहीर अजून बाकी आहे, तेवढी होऊ दे. मी त्यांना विचारलं, "आज हातात चार-साडेचार लाख रोख असते तर हाच शेअर तुम्ही घेतला असता का?" ते विचार करायला दोन आठवडे घेऊन गेले. परत आले ते काकूंना घेऊन. तोवर १४ लाख गेले कुठे हे काकूंना नेमकं माहीत नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. फोल्डर मांडीवर घेऊन एकेक पान उलटत राहिल्या, मग विचारलं, "यातलं आपल्याला महिन्याला किती लागतं, आणि ते कुठून येतं?" दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मीही नाही.

त्या प्रश्नावरून पुढचं सगळं ठरलं. घरखर्च, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स धरून त्यांना जे लागत होतं त्यातलं काही व्याजातून येत होतं आणि उरलेल्यासाठी दरवर्षी ठेव मोडत होती. २२ लाख शेअरमध्ये होते म्हणून ती मोडत होती.

ओएनजीसी एव्हाना बराच वर गेला होता, ऑगस्ट २०२४ मध्ये तीनशेच्या पलीकडे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तीन टप्प्यांत काकांनी ३,००० शेअर सरासरी ३०५ ला विकले. आले ९,१५,०००, त्यात नफा ४,३५,०००. त्याच काळात लहान कंपनीचे सगळे शेअर गेले, मिळाले ४,६०,०००. तोटा ९,४०,०००. दोन्ही शेअर वर्षाहून जास्त जवळ होते, त्यामुळे दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा झाला आणि त्या नफ्यावर कर लागला नाही. उरलेला ५,०५,००० चा तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, फक्त विवरणपत्र मुदतीत भरलेलं असलं पाहिजे. अशा वेळी तोटा पाहून मन विटतं आणि लोक विवरणपत्रात तो दाखवतच नाहीत. माझ्याकडे दरवर्षी असं कोणीतरी येतं, मुदत उलटून गेल्यावर.

दोन्ही मिळून १३,७५,००० ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख झाली होती, म्हणून जागा होती. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला अठ्ठावीस हजारांच्या वर व्याज. ठेव मोडायची थांबली.

उरले ओएनजीसीचे २,००० शेअर. ते ठेवावेत की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही. माझं मत, काकांच्या वयाला एकाच धंद्यातला एकच शेअर नको, त्यापेक्षा अनेक कंपन्यांत पैसे विभागणारा इंडेक्स फंड बरा. काकांचं म्हणणं, तेवढं राहू दे, आता भाव बघून नाही, अहवाल बघून ठेवतो. एप्रिल २०२५ मध्ये ब्रेंट साठ डॉलरपर्यंत घसरलं तेव्हा मीच फोन केला, काळजीनं. काका गच्चीत होते, कुंड्यांना पाणी घालत. म्हणाले, "गेल्या वर्षी किती साठा काढला आणि किती नवा लागला, तो आकडा अहवालात येईल ना, तेव्हा ये. आपण वहीत उतरवू."

मी गेले. पाइप टॅलीच्या वहीत आता एक पान आखलेलं आहे. पहिल्या रकान्यात शेअर किती, दुसऱ्यात किंमत, तिसऱ्यात साठ्याचा आकडा, चौथ्यात तो कोणत्या पायरीवरचा. पाचवा रकाना काकूंच्या सहीचा. २,००० शेअरसमोर ती सही आहे. त्याखालच्या ओळी कोऱ्या आहेत.